कुंपणापलीकडची कॅराव्हॅन

उतरणाऱ्या बाईच्या चाकाच्या पिशवीचं एक चाक दाराच्या फटीत अडकलं आणि बस त्या स्टॉपवर नेहमीपेक्षा अर्धं मिनिट जास्त थांबली; नाहीतर केरिनला काही दिसलंच नसतं. ती सहज उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्यापलीकडे ब्रेंटनचं घर. तिच्या आधीच्या नवऱ्याचं, त्याच्या नव्या बायकोचं, डेस्पिनाचं. घर तिच्या ओळखीचं होतं. दर दुसऱ्या रविवारी ती मुलीला, विनीला, याच फाटकाशी सोडत असे. पण तिच्या छोट्या गाडीतून बघताना ते करड्या पत्र्याचं कुंपण म्हणजे नुसती भिंत असायची. बसची सीट उंच. आज एका आजारी ड्रायव्हरच्या जागी ती पहिल्यांदाच या रूटवर आली होती, आणि कुंपणाच्या वरून अख्खं अंगण तिच्यासमोर उघडं पडलं होतं. अंगणात एक जुनी कॅराव्हॅन, गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली, उभी होती, छत वर उचललेली, एका बाजूचा पत्रा सोलून काढलेली, आतल्या लाकडी फासळ्या दिसणारी. फासळ्यांच्या आत डेस्पिना गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्यासमोर विनी, तोंडावरचा धुळीचा मास्क कपाळावर सरकवलेली. दोघी मिळून कुजलेल्या प्लायवूडची एक फळी ओढत होत्या. फळी एकदम निघाली, दोघी मागे कोलमडल्या, आणि विनी हसली. तोंड उघडून, दातांवरच्या तारा दाखवत, मान मागे टाकून. तारा बसवल्यापासून दीड वर्ष ती घरात ओठ मिटूनच हसत आली होती. केरिनला वाटायचं, वयच तसं आहे. चौदाव्या वर्षी मुली तशाच हसतात.

पिशवीचं चाक सुटलं. "थँक यू हं," बाई म्हणाली. केरिनने दार लावलं, आरशात बघितलं, बस काढली. सगळं हातांनी आपोआप केलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वार मंगळवार. विनीचा हा आठवडा केरिनकडे होता, आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर विनी लायब्ररीत मैत्रिणींबरोबर अभ्यास करत असे. निदान केरिनला तरी तसंच सांगितलेलं होतं.

पुढचे कितीतरी स्टॉप तिने स्वतःलाच विचारलं, नक्की लागलं काय? खोटं बोलली, ते? खोटं ती स्वतःही आईशी बोललीच होती की त्या वयात. हसली, ते? हसू दे. मग कधीतरी लाल सिग्नलला तिच्या ध्यानात आलं की तिला लागलं ते त्या कॅराव्हॅनचं छत. ते वर होतं. कुणीतरी ते वर उचललं होतं, आणि ब्रेंटनच्या अंगणात ते ब्रेंटनच्या परवानगीशिवाय उचललं जाणं शक्य नव्हतं. हाच तो माणूस. अकरा वर्षं ती त्याला म्हणत होती, एखादी जुनी कॅराव्हॅन घेऊ, हळूहळू दुरुस्त करू, पोरीला समुद्रावर नेऊ. अकरा वर्षं तो म्हणत होता, पुढच्या वर्षी. लाकूड कुजलेलं असतं केरिन, त्यात आयुष्य जातं केरिन, मोटेलला काय कमी आहे? एकदाच, विनी चार वर्षांची असताना, ती हट्टाने दोघांना किनाऱ्यावरच्या नॉर्मनव्हिलला घेऊन गेली होती, मैत्रिणीकडून मागून आणलेला तंबू घेऊन. संध्याकाळी वारा सुटला. ब्रेंटन तासाभरात वैतागून गाडीत जाऊन झोपला. तंबूत ती आणि विनी दोघीच उरल्या. डब्यातले गार बीन्स एकाच चमच्याने खाल्ले. तंबूचं कापड फडफडत होतं आणि विनी त्याच्याशी बोलत होती, कुत्र्याला दटावावं तसं: गप बस, आई झोपतेय. ती रात्र केरिनने जपून ठेवली होती. घटस्फोटात फर्निचर वाटलं गेलं, आठवडे वाटले गेले, पण ती रात्र तिच्या एकटीची होती. आणि गेल्या वर्षी कधीतरी भांडी पुसता पुसता विनी म्हणाली होती, "आपण कधी कॅम्पिंगला गेलोच नाही ना गं?" केरिन म्हणाली होती, "गेलो होतो की, नॉर्मनव्हिलला." विनीने जरा आठवून बघितलं होतं आणि विषय सोडून दिला होता.

आठवड्याच्या शेवटी ती डेपोत ड्युट्या लावणाऱ्याकडे गेली आणि तो रूट कायमचा मागून घेतला.

"तो?" तो म्हणाला. "त्यावर दोन शाळा सुटतात, बाई. लोकांना मी तो शिक्षा म्हणून देतो."

"मला दे."

"पाप काय केलंस ते तरी सांग."

"करणार आहे," ती म्हणाली, आणि तो हसला.

मग सगळा हिवाळा तिने ते अंगण बघितलं. दिवसातून चार वेळा, दर वेळी जेमतेम वीस सेकंद. उरलेला सगळा वेळ ते वीस सेकंद मनात उलगडून बघत बसायची. पत्रा पूर्ण निघाला, दुसऱ्या बाजूचाही. कुजलेल्या फासळ्या गेल्या, पिवळसर नव्या लाकडाच्या आल्या. एकदा डेस्पिनाच्या हातून एक फळी वाकडी कापली गेली, तेव्हा विनी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. पावसाच्या दिवसांत निळी ताडपत्री. ताडपत्री असली की केरिनचा जीव भांड्यात पडे. आज तिथे काही होणार नाही, आज कुणी हसणार नाही. ऊन पडलं की ती दोन स्टॉप आधीपासूनच ते कुंपण शोधायला लागे. तिला कळत होतं की हे काही बरं लक्षण नाही. एखादं दुखणं बोटाने दाबून बघावं, अजून दुखतंय ना म्हणून खात्री करून घ्यावी, तशी ती त्या स्टॉपवर येत होती. कुणी उतरणारं नसलं तरी थांबत होती. पहिल्याच सीटवर क्लॅरी नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसत, बोल्स, म्हणजे हिरवळीवरचा चेंडूंचा खेळ, खेळायला क्लबात जाणारे. त्यांनाही त्या अंगणाचा नाद लागला. "आज खिडक्यांची रबरं बदलली बघ, पोरी," ते म्हणत. "ही बाई हाताची पक्की दिसते. मी सांगतो तुला, अशा डब्यात पाणी एकदा शिरलं की संपलंच. पण तिने मुळापासून काढलंय. नवरा नुसता चहाचे कप आणून देतो, बघितलंस का?" केरिनने बघितलं होतं. ब्रेंटन कप घेऊन येत होता, रिकामे कप घेऊन जात होता. तिच्या संसारात त्याने एवढंही केलं नव्हतं. की केलं होतं, आणि ती रात्र विनी विसरली तसं तीच विसरली होती? हा विचार तिने पुढच्या सिग्नलपर्यंतही टिकू दिला नाही.

"तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का, क्लॅरी?"

"ब्याऐंशी वर्षांचा आहे मी. तुझा काय बहाणा?"

घरी मंगळवारी सहाला विनी यायची. दार, दप्तर, फ्रिज. "काय केलंत आज लायब्ररीत?" केरिन बटाटे सोलताना विचारी, पाठ वळवूनच. "इतिहास. पहिलं महायुद्ध." "अजून चाललंय का ते?" "मोठं होतं ना ते, आई." आणि दोघी हसत, विनी ओठ मिटून. तिच्या केसांत लाकडाचा भुसा असे, नखांत पांढरी लांबी. केरिन बटाटे सोलत राही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि ते उत्तर घेऊन मग याच स्वयंपाकघरात राहावं लागेल. एकदा विनी सोफ्यावर झोपली असताना तिने तिच्या केसांतून ॲल्युमिनियमची एक बारीक, गोल वळलेली कपची काढली. नख लावलं तर कापेल अशी. ती हातात धरून केरिन तिथेच उभी राहिली. आपल्या मुलीच्या अंगाला दुसऱ्या घरचा वास येतो, एवढंच दुःख असतं तर तिने ते सोसलं असतं. पण तो वास चांगला होता. ताज्या लाकडाचा, रंगाचा. हातात काहीतरी घडवत असलेल्या माणसाला येतो तो. तिच्या स्वतःच्या घराला धुतलेल्या कपड्यांचा वास येत होता, आणि दोघींच्या दोन मोबाइलांचा उजेड होता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी डेस्पिना बसमध्ये चढली. खांद्यावर कॅनव्हासची भली मोठी गुंडाळी, ती दारातून आत येईना. कार्ड टेकवताना तिने वर बघितलं. "अरे! केरिन, तूच ना? टोपीत ओळखलंच नाही." तिचे वडील बंदरावर बोटींच्या ताडपत्र्या शिवायचे, तिच्या हातांच्या शिरा पुरुषासारख्या होत्या आणि आवाज मोकळा. मागे सीटवर न जाता ती गुंडाळी कवेत धरून पुढेच उभी राहिली. "वर उचललेल्या छताच्या भोवतीचं कापड शिवायचंय. ब्रेंटनची गाडी सर्व्हिसिंगला, म्हटलं बसने जाऊ. ऑक्टोबरच्या लांब वीकेंडला समुद्रावर, रॅपिड बेला जायचं ठरतंय." मग जरा थांबून, "तू रागावू नकोस, पण विचारायचंच होतं. विनी म्हणते तुला कॅम्पिंग अजिबात आवडत नाही. नाहीतर मी म्हणणार होते, एखाद्या वेळी तूसुद्धा..."

"पिवळ्या रेघेच्या मागे उभी राहा," केरिन म्हणाली. "नियम आहे."

डेस्पिना मागे सरली. तिचा चेहरा पडला, आणि तो पडलेला बघून केरिनला गोड वाटलं. ते गोड तिला दोन दिवस पुरलं.

त्या रात्री जेवताना तिच्याच्याने राहवलं नाही. "मला कॅम्पिंग आवडत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

विनीचा काटा थांबला. "डेपी भेटली वाटतं."

"लायब्ररीत भेटली."

विनीने काटा ताटात ठेवला. मग विनी म्हणाली, "सांगणार होते गं. पण सांगितलं असतं तर तुझा चेहरा असा झाला असता."

"कसा?"

"हा. हा आत्ताचा."

केरिन उठून न्हाणीघरात गेली आणि आरशात तो चेहरा बघितला. तो तिला अनोळखी वाटला नाही. बसच्या बाजूच्या आरशात, त्या स्टॉपवर, तो रोज दिसत होता. बाहेर येऊन ती म्हणाली, "मंगळवारी जात जा. लपवू नकोस." विनीने मान हलवली, पण त्यानंतर ती मंगळवारबद्दल काहीच बोलेना. खोटंही नाही आणि खरंही नाही. केरिनला महायुद्धाची आठवण यायला लागली.

सप्टेंबरात पत्रा परत चढला. पांढरा, मधून पुदिन्याच्या पानासारखा फिकट हिरवा पट्टा. खिडक्यांना पडदे आले. एका दुपारी छत वर होतं आणि नव्या कॅनव्हासमधून ऊन आत झिरपत होतं. सगळी कॅराव्हॅन आतून दिवा लावल्यासारखी दिसत होती. बसमधले लोक खिडकीशी वाकले. क्लॅरींनी टोपी काढली. "लग्नाला तयार," ते म्हणाले. केरिनने बस इतक्या जोरात काढली की त्यांना दांडा धरावा लागला.

लांब वीकेंडच्या आधीचा शुक्रवार होता. आठवडा ब्रेंटनचा. साडेतीनला ती त्या स्टॉपजवळ आली तेव्हा फाटक उघडं होतं आणि कॅराव्हॅन जोडलेली ब्रेंटनची गाडी नेमकी बाहेर पडत होती. केरिनने वेग कमी करून त्यांना वाट दिली. कुणी हात केला की नाही, दिसलं नाही. कॅराव्हॅन तिच्या बसपुढे वळली, रस्त्याला लागली, आणि त्या वळणावरच केरिनला दिसलं. असल्या कॅराव्हॅनचं छत खाली बसवलं की चारही कोपऱ्यांत एकेक खिट्टी ओढून ते बांधावं लागतं. मागच्या दोन्ही खिट्ट्या मोकळ्या लोंबत होत्या. रस्त्यात खड्डा लागला, छताची मागची कड दोन बोटं वर उचलली गेली आणि परत बसली. उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखी.

गावातल्या वेगात काही होणार नव्हतं. पण दक्षिणेच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर, सेलिक्सच्या चढावर, खाडीवरून येणारा वारा त्या फटीत शिरला की छत पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखं उलटणार होतं. केरिनला ते दिसलं. कॅनव्हास फाटताना दिसला, दोन महिन्यांची शिवण टराटरा उसवताना दिसली. रस्त्याच्या कडेला तोंडावर हात घेऊन उभी असलेली डेस्पिना दिसली. पहिल्या सिग्नलला ती बरोबर त्यांच्या मागे उभी होती. हॉर्न हाताखाली होता. एकदा दाबला असता तरी ब्रेंटनने आरशात बघितलं असतं. तिने हात हॉर्नवर ठेवला, आणि नुसता ठेवला. मनात कुणीतरी शांतपणे म्हणालं, उडू दे. माणसांना काही होणार नाही, ती पुढे गाडीत आहेत. नुसता डबाच आहे. उडू दे, आणि मग बघू कोण कुणाला चहाचे कप आणून देतं. सिग्नल हिरवा झाला. पुढच्या स्टॉपवर दोन शाळकरी मुली चढल्या. त्या कार्ड शोधत होत्या तेवढ्यात कॅराव्हॅन पुढे गेली, आणि केरिनला सुटल्यासारखं वाटलं. आता ती माझ्यासमोर नाही, आता मी बघितलं नाही. पण दुसऱ्या सिग्नलला ती परत पुढ्यात. पांढरी, हिरव्या पट्ट्याची, मागच्या खिडकीला विनीने लावलेला माशाचा स्टिकर. एक बाई लहान पोराला पुढच्या टोपलीत बसवून सायकलवरून तिच्या अगदी कडेने गेली. छत हललं. केरिनचा तळहात हॉर्नवरच होता. अजूनही तिने हॉर्न वाजवला नाही.

तिसऱ्या सिग्नलला ब्रेंटनने उजवा दिवा लावला. मोठ्या रस्त्याकडे. बसचा रूट सरळ होता. समोरचा बाण हिरवा झाला आणि कॅराव्हॅन वळायला लागली, छत तिरकं उचललं, मागची फट हातभर झाली आणि त्यातून पडद्याचं कापड बाहेर आलं. छोट्या फुलांचं, एका मुलीने निवडलेलं असणार असं कापड. केरिनने आरशात बघितलं, उजवा दिवा लावला आणि बारा उतारूंसकट बस त्यांच्यामागे घातली.

"ओ बाई! ही कुठे चाललीय बस?" मागून कुणीतरी ओरडलं. तिने हॉर्नवर तळहात दाबला आणि उचललाच नाही. दिवे मारले. पुढच्या पेट्रोल पंपाशी ब्रेंटन कडेला थांबला. तिने बस त्यांच्या मागे लावली, धोक्याचे दिवे चालू केले, "दोन मिनिटं," असं उतारूंना म्हणाली आणि खाली उतरली.

ब्रेंटन लाल चेहऱ्याने येत होता. "डोकं फिरलंय का तुझं? आता बस घेऊन मागे लागायचं बाकी राहिलं होतं! पोरीसमोर तमाशा..."

तिने त्याला उत्तर दिलं नाही. कॅराव्हॅनच्या बंपरवर चढली, छताची कड दोन्ही हातांनी खाली दाबली, एक खिट्टी ओढली, पलीकडे सरकून दुसरी ओढली. ब्रेंटन मध्येच गप्प झाला. डेस्पिना त्याच्या मागे येऊन उभी होती. तिने खिट्ट्यांकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून ग्रीकमध्ये काहीतरी निघालं. मग ती वळून पुढच्या खिट्ट्या तपासायला धावली, आणि ब्रेंटन तिच्यामागे.

विनी गाडीतून उतरून केरिनजवळ आली. रंग उडालेला. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या दोन माझ्याकडे होत्या. डेपीने मला विचारलं होतं, लावल्यास का. मी हो म्हटलं. मी फोनवर होते. त्यांना सांगू नकोस ना, प्लीज."

केरिन बंपरवरून उतरली. म्हणजे रस्त्याच्या कडेला तोंडावर हात घेऊन उभी राहणार होती ती डेस्पिना नव्हती. तिने कॅराव्हॅनला टेकून घेतलं. पत्रा उन्हाने तापला होता, रंग हाताला गुळगुळीत लागत होता. आणि तशातही, लाज वाटावी इतकं लगेच, तिला ते दुसरंही जाणवलं: सहा महिने त्या अंगणातलं सगळं तिच्यापासून लपवलं जात होतं, आणि आज एक गुपित तिच्या ओंजळीत येत होतं. नुसतं हो म्हणायचं. मग ते दोघींचं. रॅपिड बेला तीन दिवस विनी त्या दोघांबरोबर असेल, पण आतून केरिनबरोबर असेल. ते तिला हवं होतं. फार हवं होतं.

"डेपीला सांग," ती म्हणाली. "आत्ता. गाडी सुरू व्हायच्या आत."

"ती काय म्हणेल?"

"ओरडणार नाही. तिच्या हातून फळी वाकडी कापली गेली होती तेव्हा तू काय म्हणालीस? तशीच तीही म्हणेल काहीतरी."

विनी बघत राहिली. "तुला काय माहीत फळीचं?"

"बसमधून दिसतं."

"रोज?"

"रोज."

विनीने बसकडे बघितलं, तिच्या उंच सीटकडे, मग परत आईकडे. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. "आज कधी दिसलं तुला? खिट्ट्यांचं."

"तुमच्या फाटकाशीच. वळताना."

"तिथून इथपर्यंत तीन सिग्नल आहेत, आई."

"हो," केरिन म्हणाली. "आहेत."

पुढून डेस्पिनाने हाक मारली. विनी जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं, ते केरिनला वाचता येईना. आणि पहिल्यांदाच, वाचायचा तिने प्रयत्नही केला नाही. मग विनीने नाक मनगटाने पुसलं, आईच्या युनिफॉर्मच्या बाहीला एकदा बोटं लावली, लावली न लावली अशी, आणि पुढे निघून गेली. केरिनला दिसलं: ती डेस्पिनासमोर उभी राहिली, मान खाली घालून बोलली. डेस्पिनाने डोळे मिटले, उघडले, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. केरिनच्या छातीत तीच जुनी कळ आली. अगदी तशीच, पहिल्या दिवसासारखी ताजी. ती कळ घेऊनच ती बसमध्ये चढली.

डेपोला रेडिओवरून कळवावं लागलं. पलीकडचा आवाज म्हणाला, लेखी द्यावं लागेल, रूट जाईल तुझा. "जाऊ दे," ती म्हणाली. पंपाच्या आवारात बस वळवायला तिला तीनदा पुढेमागे करावं लागलं. तोवर पांढरी कॅराव्हॅन मोठ्या रस्त्याला लागून, छत घट्ट बसवलेली, लहान होत गेली होती. उतारू कुरकुरत होते. क्लॅरींच्या सीटवर आज हिरवा कोट घातलेली एक म्हातारी बसली होती. ती मात्र सगळं टक लावून बघत होती.

"कोण होते गं ते?"

"माझी मुलगी," केरिन म्हणाली.

"आणि बाकीची दोघं?"

केरिनने आरसा सारखा केला, मागून येणाऱ्या गाड्या जाऊ दिल्या.

"तिची माणसं," ती म्हणाली, आणि बस रूटवर आणली.